अनुवादासाठी परदेशी भाषा निवडताय? या चुका टाळा

‘सध्या कुठल्या भाषेला स्कोप आहे?’ या प्रश्नाने सुरुवात केलीत की पुढचं गणित चुकतं. विचारायचं ते असं: कुणाचे कागद, कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत जातात, आणि त्याचे पैसे कोण देतं?

कोरियनचंच घ्या. मालिका बघून अनेक जण क्लास लावतात आणि पुढे अंधेरीच्या स्टुडिओत सबटायटल्सचं काम मिळेल असं धरून चालतात. तिथे हिंदी-मराठी संवाद बऱ्याचदा इंग्रजी फाइलवरूनच लिहिले जातात. म्हणजे कोरियन येण्यापेक्षा हिंदी फर्मास येणं जास्त कामाचं! कोरियन शिकू नका असं नाही. पण मग नजर कंपन्यांच्या कागदांवर आणि दुभाष्याच्या कामावर ठेवा.

मुंबईत कागद कुठून येतात ते पाहा. मेट्रो ३, अटल सेतू, अहमदाबादची बुलेट ट्रेन, तिन्हींना ‘जायका’ या जपान सरकारच्या मदतसंस्थेचं कर्ज आहे, म्हणून जपानीचा विचार करता येतो. आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या कागदपत्रांमुळे अरबी चालते, पण त्या भाषेचा विचार करणारे मराठी विद्यार्थी मोजकेच. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच. म्हणून विज्ञान किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनी जर्मनकडे आधी बघावं. स्पॅनिश गोड आहे, सोपीही वाटते. ग्राहक कोण हे मात्र आधी शोधा.

दुसरी चूक दिशेची. अनुवादक साधारणपणे आपल्या सर्वांत पक्क्या भाषेत लिहितो. तुमची जर्मन कितीही चांगली असली, तरी जर्मनमध्ये लिहायला एजन्सी जर्मन माणूसच शोधणार. तुमच्याकडे येणार जर्मनमधून इंग्रजी. तेव्हा इंग्रजी लेखन कच्चं असेल तर पहिली फी त्यावर खर्च करा.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती अर्ध्या वाटेवर. सीव्हीत फ्रेंच ए२, स्पॅनिश ए१, जपानी एन५ अशी रांग दिसते. (युरोपीय मोजपट्टी ए१ पासून सी२ पर्यंत चढते, जपानीची एन५ पासून एन१ पर्यंत.) यातल्या एकाही पातळीवर अनुवाद होत नाही. साध्या ईमेलचा अनुवाद आता यंत्रच करतं. माणसाकडे येतं ते त्यातल्या चुका पकडण्याचं काम, आणि त्यासाठी निदान बी२, खरं तर सी१ लागते. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषासंस्थेचा अंदाज असा, की इंग्रजी भाषकाला फ्रेंच-स्पॅनिशला ६०० ते ७५० वर्गतास पुरतात, तर जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २,२०० लागतात. मराठी माणसाला जपानीत क्रियापद शेवटी येतं म्हणून बरं वाटतं, पण नेहमीच्या वापरातल्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, काही कमी होत नाहीत. शिवाय जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत लेखन आणि संभाषण तपासतच नाहीत, त्यामुळे एन२ हाती आलं तरी अनुवादाचा सराव वेगळा करावा लागतो.

क्लास घराजवळ आहे म्हणून भाषा निवडणं ही आणखी एक चूक. जर्मनसाठी विरारहून काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जाणं जिवावर येतं हे खरं, पण आता ऑनलाइन वर्ग आहेत.

आधीच तीन भाषांत अडकला असाल तर? जिची पातळी सर्वांत वरची, ती ठेवा. तिच्यातलं एखाद्या औषधाचं माहितीपत्रक किंवा यंत्राचं मॅन्युअल घेऊन दोन पानं इंग्रजीत करा आणि त्या क्षेत्रातल्या माणसाला वाचायला द्या. तो अडखळला नाही, तर पुढच्या पातळीची फी भरा. बाकीच्या दोन भाषा तूर्त सीव्हीतून काढा.