गल्लीतली अंगणं कमी पाण्यावर आणायची तर
भाषण नको, आधी एक अंगण करून दाखवा. जळगाव-धुळ्याच्या उन्हात लॉन पोसणं परवडत नाही. त्याजागी कढीपत्ता, मोगरा, कोरफड सुचवा. शेजाऱ्यांना संध्याकाळी बोलावून त्यांच्याच हातानं पालापाचोळ्याचं ३ इंच आच्छादन घालून घ्या. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

ठिबकला आधी फिल्टर, मग १६ मिमी नळी, ताशी ४ लिटरचे ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या). बोअरच्या क्षारानं ड्रिपर तुंबले की लोक नळीच गुंडाळून ठेवतात, म्हणून ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून साफ करणंही तिथेच शिकवा.

माव्यावर, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, औषध विकत कशाला? ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून सावलीत वाळवाव्यात. ओल्या साठवल्या तर बुरशी येते.