विमानतळाच्या आतल्या हॉटेलात रात्र काढायची असेल तर

बुकिंग करण्याआधी एकच गोष्ट शोधून काढा: शहराकडून येताना हॉटेल सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या अलीकडे आहे की पलीकडे? खोली किती मोठी, पोहायचा तलाव आहे का, हे सगळं त्यानंतर. 'टर्मिनलच्या आत' असं दोन्ही प्रकारची हॉटेलं लिहितात आणि तिथेच माणूस फसतो.

दुबईच्या टर्मिनल ३ मधलं दुबई इंटरनॅशनल किंवा दोह्याचं ओरिक्स ही पलीकडची हॉटेलं. विमानातून उतरायचं, इमिग्रेशनकडे न वळता सरळ खोलीत जायचं. डॅलस-फोर्ट वर्थच्या टर्मिनल डी मधलं ग्रँड हयात, न्यूयॉर्कच्या जेएफकेवरचं टीडब्ल्यूए ही अलीकडची. तिथून निघालात की तपासणीची रांग पुन्हा लावावी लागते. इस्तंबूलच्या योटेलएअरमध्ये तर दोन्ही बाजूंना खोल्या आहेत, त्यामुळे आपण नेमकी कुठल्या बाजूची घेतोय हे पैसे भरण्याआधी दोनदा वाचा.

पलीकडच्या हॉटेलात शिरायचं तर पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास हातात लागतो, सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग झालेलं असावं लागतं. हे मी आईला घेऊन केलेल्या पहिल्या प्रवासात शिकले. स्वस्त पडली म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. हॉटेलच्या काउंटरवर पुढचा बोर्डिंग पास मागितला, तो आमच्याकडे नव्हता. तो देणारा ट्रान्स्फर डेस्क सकाळी उघडणार होता, आमची बॅग इमिग्रेशन करून बाहेर पडल्यावरच्या पट्ट्यावर आणि आमच्याकडे व्हिसा नाही. पैसे भरलेल्या खोलीपासून शंभर पावलांवर आईने रात्र खुर्चीत काढली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा तिचा तो पहिला लांबचा प्रवास. पहाटे पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागेना. म्हणून सांगते, रात्रीचा मुक्काम वाटेत असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या आणि पहिल्याच चेक-इनला दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या.

व्हिसाचंही तसंच. काही पासपोर्टांना युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन देशांत विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेत तर बाहेरून आलेल्या प्रवाशासाठी वेगळं ट्रान्झिट क्षेत्रच नसतं; पुढच्या देशात जायचं असलं तरी तिथे इमिग्रेशन चुकत नाही. आपल्या पासपोर्टाचा नियम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा.

तारखेकडे नीट लक्ष द्या. विमान १५ तारखेला रात्री पाऊण वाजता उतरत असेल, तर नेहमीच्या पद्धतीच्या हॉटेलात तुम्हाला १४ तारखेची खोली हवी. १५ ची घेतलीत तर ती दुपारी उघडेल. पलीकडची बरीच हॉटेलं मात्र तासांवर खोली देतात, चार-सहा तासांचे टप्पे असतात. तिथे विमान उतरण्याच्या वेळेत तास-दीड तास मिळवून सुरुवातीची वेळ सांगा, नाहीतर तुम्ही अजून चालत असताना तुमचे तास सुरू होतात. आणि हो, जोडविमान दुसऱ्या दिवशीच मिळत असेल तर खोली विमान कंपनीच देते का, हे आधी विचारा. काही कंपन्या देतात, पण त्यासाठी बहुतेक वेळा प्रवासाआधीच नाव नोंदवावं लागतं.

मोठी बॅग थेट पुढे गेलेली असते. म्हणजे कपड्यांचा एक जोड, औषधं, दात घासायचं सामान आणि चार्जर हातातल्या पिशवीत हवेत. द्रव पदार्थ १०० मिलिलीटरच्या बाटल्यांत ठेवा, कारण गेटवर जाताना कित्येक ठिकाणी पुन्हा तपासणी होते.

आता खोली. मागितल्याशिवाय चांगली मिळत नाही, म्हणून मागा. काही खोल्यांना खिडकीच नसते, काहींची खिडकी टर्मिनलच्या दालनात उघडते आणि पडदा ओढला नाही तर रात्रभर उजेड येतो. झोप हवी असेल तर लिफ्टपासून लांबची खोली घ्या. धावपट्टीच्या आवाजाला फार भिऊ नका. टीडब्ल्यूएमध्ये काचेचे सात थर आहेत, जाडी साडेचार इंच. वास्तुविशारद एरो सारिनेनची ती १९६२ ची टर्मिनल इमारत २००१ मध्ये बंद पडली होती, २०१९ मध्ये तिचं हॉटेल झालं, आणि सारिनेन स्वतः तर ती उघडण्याआधीच १९६१ मध्ये गेले. अशी जागा असेल तर एखादा तास झोपेतून काढून नुसतं हिंडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या प्रवासात आम्ही धावपट्टीकडची खोली मागितली. आई आंघोळ करून, पाय उशीवर ठेवून पडली होती. मी खिडकीशी. खाली एक माणूस दोन पेटत्या कांड्या हातात धरून उलटा चालत होता आणि त्याच्या इशाऱ्यावर एवढं मोठं विमान इंचाइंचाने पुढे येत होतं. आवाज अजिबात नाही. फक्त काचेला तळहात लावला की बारीक थरथर जाणवायची. "आलं का गं ते नीट?" आईने पडल्यापडल्या विचारलं.

झोपण्याआधी फोनचं घड्याळ तपासा. फोन विमान मोडवर राहिला तर तो आधीच्याच देशाची वेळ दाखवत बसतो. रिसेप्शनलाही उठवायला सांगाच. त्याच वेळी त्यांना विचारा की आपल्या गेटपर्यंत चालत किती मिनिटं, मध्ये ट्रेन आहे का. गेट विमान सुटण्याच्या वेळेला नव्हे, त्याच्या १५-२० मिनिटं आधी बंद होतं. अलीकडच्या हॉटेलात असाल तर तपासणीच्या रांगेचा वेळ वेगळा धरा. डेट्रॉइटच्या वेस्टिनला हॉटेलातूनच तपासणीचं स्वतंत्र दार आहे, पण अशा दाराच्या वेळा आदल्या रात्री विचाराव्या लागतात.

व्हीलचेअर लागणारं कुणी बरोबर असेल तर ती विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी नोंदवा. हॉटेलची ती जबाबदारी नसते. मदतनीस तुम्हाला हॉटेलच्या दाराशी सोडून जातो आणि सकाळी आपोआप येत नाही, त्यामुळे जाण्याआधीच त्याच्याकडून सकाळची वेळ लिहून घ्या. आमचा मदतनीस पाच मिनिटं आधीच आला. आईने खुर्चीत बसायच्या आधी वाकून चपलेचा पट्टा स्वतः लावला.