ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम पेटी घेऊन कसा ऐकावा

घरात पेटी असेल तर आधी ती काढा. पांढरी पाच दाबा, मग वरच्या सप्तकातली पांढरी पाच, आणि तिथून दोन्हींच्या बरोबर मधल्या काळी एकवर या. सावकाश, प्रत्येक सूर लांबवत. पांढरी पाचला सा धरला तर हे झालं सा, तार सा, तीव्र मध्यम. ब्लॅक सॅबथ हा इंग्लंडचा मेटल, म्हणजे जड गिटारच्या रॉक संगीताचा बँड. फेब्रुवारी 1970 मध्ये आलेल्या त्यांच्या 'ब्लॅक सॅबथ' याच नावाच्या अल्बमचं त्याच नावाचं पहिलं गाणं या तीन सुरांवर उभं आहे.

यमनमध्ये तीव्र मध्यम लागला की कान पंचमाची वाट बघतात. इथे पंचमावर विसावा मिळतच नाही. गिटारवादक टोनी आयोमी तीव्र मध्यमावरच थांबतो, तो थरथरवतो आणि पुन्हा सा धरतो. मनात जी धास्ती बसते ती या अडवून ठेवण्यातून. माझ्या भाच्याला 'मेटल म्हणजे नुसता गोंगाट' वाटायचं. त्याला आधी पेटीवर हे तीन सूर वाजवायला लावले, मग गाणं लावलं. सहा मिनिटं तो जागचा हलला नाही.

आता ऐकण्याची तयारी. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर त्यात येतच नाहीत. साधा हेडफोन चालेल. सुरुवातीला पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा आहे, ते पुढे ढकलू नका, कारण पहिला आघात त्या शांततेमुळेच अंगावर येतो. आवाज मात्र पावसाच्या मानाने ठरवू नका, थोडा कमीच ठेवा. साडेचार मिनिटांच्या आसपास लय एकदम दुडक्या चालीची होते. तोवरचा संथपणा नीट ऐकला असेल तरच तिथे अंगावर काटा येतो.

पहिल्यांदा सगळं सलग ऐका, जेमतेम चाळीस मिनिटांचं काम आहे. बर्मिंगहॅमच्या या चार पोरांनी ते लंडनच्या स्टुडिओत ऑक्टोबर 1969 मध्ये एका दिवसात, बरंचसं एकत्र वाजवूनच ध्वनिमुद्रित केलं. म्हणून बिल वॉर्डचे ड्रम गिटारला उत्तर देतात, निव्वळ ठेका धरत नाहीत. 'द विझर्ड'मध्ये गायक ऑझी ऑस्बॉर्नचा माउथऑर्गन आणि ड्रम यांची जुगलबंदी आहे. तिथे तबला ऐकता तसे कान द्या.

दुसऱ्यांदा फक्त बेसच्या मागे जा. 'एन.आय.बी.'च्या आधी गीझर बटलर एकटाच वाजवतो, तिथून सुरुवात करा. तो सूर एकदा कानात बसला की गिटार आल्यावरही सुटत नाही, आणि अल्बमचं वजन कुठून येतं ते कळतं.

तिसऱ्यांदा आयोमीची बोटं डोळ्यांसमोर ठेवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं लावलं आणि बारीक तारा चढवल्या. शेवटच्या लांबलचक 'वॉर्निंग'मध्ये तो एकटा बराच वेळ फिरतो. काहींना तो भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो फार प्रिय आहे, कारण त्या बोटांना काय काय जमतं ते तिथे उघड्यावर ऐकू येतं.

आवृत्ती बघून घ्या. इंग्लंडच्या मूळ तबकडीवर 'ईव्हिल वुमन' आहे, ते दुसऱ्या बँडचं गाणं. अमेरिकेत त्याऐवजी 'विकेड वर्ल्ड' घेतलं. ते त्यांचं स्वतःचं, आणि माझ्या मते कितीतरी सरस. तुमच्या यादीत नसेल तर वेगळं शोधून ऐका.

हे सगळं पचलं की 1971 चा तिसरा अल्बम घ्या. त्यातल्या काही गाण्यांत आयोमीने तारा तीन पट्ट्या उतरवल्या, म्हणजे पांढरी तीनची तार काळी एकवर आली. तारा सैल झाल्याने दुखऱ्या बोटांना दाबायला सोपं गेलं आणि आवाज आणखी जड झाला. पेटीवर त्या दोन पट्ट्या पाठोपाठ दाबून मगच तो अल्बम लावा.