टकळीवर रंगीत सूत कातताय? या चुका टाळा

सोलापूरकरांना सुताचं कौतुक सांगावं लागत नाही. १८७७ साली इथे 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली आणि पूर्व भागात आजही मागांचा खडखडाट ऐकू येतो. अशा गावात कुणी टकळी, म्हणजे हाताने सूत कातायची छोटी चाती, घेऊन बसलं की 'हे आता कशाला?' असं विचारणारे भेटतातच. कशाला म्हणजे, सुखासाठी! पेळूत, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या पिंजलेल्या कापसात, फिका, विस्कटलेला वाटणारा रंग पीळ बसताच गडद होतो आणि तो बदल आपल्या दोन बोटांच्या मधे घडताना दिसतो. एवढ्यासाठी तासभर बसायला काय हरकत आहे?

पण नवी माणसं फार लवकर टकळी ठेवून देतात. धागा तुटला की 'आपल्या हातात नाही ते' म्हणून मोकळी होतात. सोलापुरात तरी हाताला दोष देण्याआधी हवा आणि पेळू तपासावा.

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. कापसाचा तंतू ओलाव्याने बळकट होतो, कोरड्या हवेत तो ठिसूळ बनतो. सूतगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात ती याचसाठी. तेव्हा भर दुपारी पंख्याखाली कातायला बसू नका. सकाळी लवकर बसा. पेळू आदल्या रात्री झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत एका वाटीत ओलं फडकं ठेवा. फडकं पेळूला टेकता कामा नये. भिजलेला कापूस गच्च होतो, मग तंतू सुटत नाहीत.

धागा तुटला तर लगेच जोडू नका, आधी तुटलेलं टोक बघा. टोक निमुळतं आणि केसाळ असेल तर पीळ कमी पडला, तंतू एकमेकांवरून घसरले. टोक कापल्यासारखं आखूड असेल तर पीळ जास्त झाला किंवा हवा कोरडी आहे. अजून एक परीक्षा: धागा जरा सैल सोडा. हलकासा वळला तर ठीक. गाठी पडून आकसला तर टकळी जास्त फिरली.

सगळ्यात जास्त चुका रंगवण्यात होतात. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं. तो तसाच रंगात टाकला तर पाण्यावर तरंगतो आणि मधे पांढरे डाग राहतात. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यावा, मगच रंगवावा. पिळू मात्र नये, तळहातांमध्ये दाबून पाणी काढावं आणि सावलीत वाळवावा. पिळलेल्या कापसात बारीक गोळे होतात, ते पिंजूनही पुरते सुटत नाहीत आणि सुतात गाठी बनून उतरतात. शिवाय मेण गेल्यामुळे रंगीत कापूस बोटांना खरखरीत लागतो, ओढताना अडतो. यावर चांगला उपाय म्हणजे पिंजताना त्यात थोडा न रंगवलेला कापूस मिसळणे. रंग किंचित उतरतो, पण सूत सरळ निघतं. मला तो उतरलेला रंगच जास्त आवडतो.

हळदीचा पिवळा मोहात पाडतो, पण उन्हात टिकत नाही. रोज वापरायच्या वस्तूसाठी तो नको.

लाल आणि हिरवा एकत्र पिंजला की मातकट तपकिरी होतो. दोन्ही रंग उठून दिसायला हवे असतील तर वेगवेगळे पेळू वळा आणि आलटूनपालटून काता. नाहीतर दोन रंगांची दोन सुतं घेऊन दुपदरी करा. दुपदरी करताना टकळी उलट्या दिशेने फिरवायची, हे विसरलं की सगळा गुंता होतो.

टकळी हलकी हवी. कापसाचे तंतू आखूड असतात, जड टकळी अधांतरी सोडली तर तिच्या वजनानेच धागा निसटतो. तिचं टोक वाटीत किंवा करवंटीत टेकवून फिरवा. लोकरीचे तंतू लांब असतात, तिला वजनदार टकळी चालते. आपल्या जिल्ह्यात घोंगड्यांसाठी वापरतात ती दख्खनी मेंढीची लोकर मिळाली तर जरूर कातून बघा. काळी, पांढरी, तपकिरी अशी मुळातच रंगीत येते, रंगवायची कटकट नाही.

पेळू मुठीत आवळू नका. पीळ पेळूत शिरला तर तिथे थांबा, बोटांनी उलटा फिरवून तो सोडवा आणि मग पुढे ओढा. टकळी गच्च भरेपर्यंतही कातू नका, डगमगायला लागली की सूत उतरवून घ्या.

उतरवलेल्या सुताची लड चार ठिकाणी सैल बांधून पाण्यात थोडा वेळ उकळा, म्हणजे पीळ बसतो. गडद रंगाची लड वेगळ्या भांड्यात उकळा आणि पाण्यात रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवा. त्याआधी ती पांढऱ्या सुताबरोबर विणायला घेऊ नका.