चॅलेंजर बघायला पुण्याला जायचंय? मग असं करा

भाऊ, टेनिस फक्त टीव्हीवर बघत असाल तर एकदा पुण्यातल्या बालेवाडीला चॅलेंजर, म्हणजे एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीची स्पर्धा, बघाच, आपल्या जळगाव-चाळीसगाववरून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला जाते, रिझर्वेशन मात्र आधीच करून ठेवा.

फायनलसाठी थांबू नका, क्वालिफायिंगलाच, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीलाच जा. तिथं २४ जण असतात, दोन मॅच जिंकल्या की मेन ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धा, आणि मेन ड्रॉ ३२ जणांचा. सगळी धडपड रँकिंगच्या पॉइंटसाठी, चॅलेंजर १०० म्हणजे जिंकणाऱ्याला १०० पॉइंट, त्याच्या खाली आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) एम१५ या सगळ्यात छोट्या स्पर्धेत फक्त १५, म्हणजे वर चढायला पोरांना किती गावं फिरावी लागत असतील विचार करा. आपल्या भारताच्या सुमित नागलनं २०२४ मध्ये चेन्नईचं चॅलेंजर जिंकलं आणि त्यातूनच जागतिक रँकिंगच्या टॉप १०० मध्ये गेला, म्हणून मला या स्पर्धा फार मोलाच्या वाटतात.

ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे कुठली मॅच कधी आणि कुठल्या कोर्टवर याचा तक्ता, आदल्या दिवशी संध्याकाळी येतो, तो बघूनच दिवस ठरवा. ड्रॉमध्ये नावापुढे क्यू म्हणजे क्वालिफायर (पात्रता फेरीतून आलेला), डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कार्ड (आयोजकांनी थेट प्रवेश दिलेला), आपली तरुण पोरं बरेचदा तिथंच सापडतात. साइड कोर्टवर बसा, अगदी जवळून सर्व्हिसचा आवाज ऐकू येतो, सेकंड सर्व्ह (पहिली सर्व्हिस चुकल्यावरची दुसरी) आणि पाय कसे हलतात तेवढं बघा, बाकी स्कोअर आपोआप कळतो. पॉइंट चालू असताना उठू नका प्लीज.

टोपी, पाणी, डब्यात भाकरी-ठेचा. जाणं नाहीच जमलं तर एटीपीच्या साइटवर चॅलेंजरच्या मॅच लाइव्ह दिसतात.