कयाकच्या सांगाड्यावर कुठलं कापड चढवाल?

कुडाळात ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, म्हणून घरी कयाकचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीचा, लाकडी सांगाडा बांधलेली मंडळी कापडासाठी माझ्याकडे येतात. मागणी ठरलेली: "जाडातलं जाड द्या." जाडीचं नंतर बघू. कापड ओलं झाल्यावर ताठ राहतं की सैल पडतं, ते आधी बघा.

ग्रीनलंडचे इनुइट सीलचं कातडं चढवायचे आणि ते तेल लावून, वाळवून जपायचे. आपल्यापुढे कापडं तीन. सुती कॅनव्हास स्वस्त, ओला झाला की उलट आवळतो, रंगही चांगला धरतो; पण आपल्या पावसात कुजतो. हात बसवण्यापुरती होडी असेल तर चालेल.

नायलॉन चिवट. कर्लीच्या खाडीत ओहोटीला होडी कालवांच्या कातळावर घासली, तर ते आधी ताणतं, चटकन फाटत नाही. मात्र दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के पाणी पितं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही पीत नाही. म्हणून नायलॉन ओलं करून, ओढून शिवतात. वाळल्यावर ते ताठ बसतं. तरी आषाढात फासळ्यांमध्ये थोडं ढिलं पडणारच. पॉलिएस्टर शिवल्यावर इस्त्रीने आवळतं, मग पाण्याने सैल पडत नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. रोज खडकांवरून होडी ओढणार असाल तर नायलॉन घ्या. बाकी कोकणात मी पॉलिएस्टरच देतो.

फक्त ते इस्त्रीने आवळणारं हवं. गिरणीत आधीच उष्णता देऊन पक्कं केलेलं कापड फारसं आवळत नाही. वीतभर तुकडा मागून घ्या, त्यावर पेनाने दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा, इस्त्री फिरवा आणि उभा-आडवा पुन्हा मोजा. पट्टीवर फरक दिसलाच नाही तर ते कापड परत करा. इस्त्री मध्यमवर ठेवा, एका जागी थांबवू नका. पॉलिएस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. नाव पॉलिएस्टरचं आणि आत सुताची भेसळ असा संशय आला तर दोन धागे काडीने पेटवा. पॉलिएस्टर काळा धूर सोडत वितळतं आणि टणक गोळी होते. सूत कागदासारखं जळून राख उरते.

आता जाडी. परदेशी पुस्तकांत चौरस यार्डाचे औंस असतात, आपल्याकडे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. एक औंस म्हणजे साधारण ३४. आठ ते दहा औंस, म्हणजे २७० ते ३४० जीएसएम, एकट्याच्या कयाकला पुरे. पाच मीटरच्या होडीला साडेपाच मीटर कापड, पन्हा दीड मीटर. तरी सांगाड्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती दोरी गुंडाळून घेर मोजा आणि शिवणीसाठी हातभर जास्त धरा. कोऱ्या ३४० जीएसएमच्या एवढ्या कापडाचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं.

ट्रकची पीव्हीसी ताडपत्री माझा रोजचा धंदा, पण तुम्हाला ती देणार नाही. ६५० जीएसएमची घेतलीत तर वजन जवळपास दुप्पट, इस्त्रीने आवळत नाही, टोकांना चुण्या पडतात. घडीची होडी असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी अडवणारा लेप वरून द्यायचा असतो, म्हणून कापड कोरंच घ्या. आधीच लेपाचं असेल तर रंग धाग्यांत मुरत नाही. दोरा कापडाच्याच जातीचा, सुती नको. पॉलियुरेथेन असो वा ऑइल पेंट, आधी नमुन्याच्या तुकड्यावर लावा, पूर्ण वाळू द्या, मग तुकडा दुमडून नखाने खरवडा. पापुद्रा निघाला तर लेप बदला. कापडाला दोष देऊ नका.