शेगडीचा बर्नर: तपासणी आणि सफाई

बर्नर उघडण्याआधी जाळ नीट पाहा. स्वयंपाकघरातला दिवा बंद करून दोन्ही बर्नर आळीपाळीने मोठे करा. चांगला जाळ निळा असतो आणि भोकाभोकावर छोटा टोकदार सुळका दिसतो. एकच बर्नर पिवळा जळत असेल तर दोष त्या बर्नरमध्ये किंवा त्याच्या जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, आहे. दोन्ही एकदम मंद किंवा पिवळे झाले तर रेग्युलेटर, मुडपलेली नळी किंवा संपत आलेला सिलिंडर तपासा. अशा वेळी बर्नर कितीही घासले तरी फरक पडत नाही.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात बर्नर चोंदण्याची दोन कारणे वारंवार दिसतात. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर फुगवताना कोरडे पीठ भोकांत पडते आणि तिथेच करपून घट्ट बसते. दुसरे म्हणजे उतू गेलेले दूध. जांबोटी, कणकुंबीकडे त्यात पावसाळ्याची ओल भर घालते. बर्नरच्या भोकाभोकांच्या टोपीखालची नळी, म्हणजे मिक्सिंग ट्यूब, बिडाची असेल तर आतून गंजाचा भुगा सुटतो. घर काही दिवस बंद राहिले तर तिच्यात कोळीही जाळे विणतो. त्यामुळे हवा कमी पडते, गॅस पुरता जळत नाही आणि पातेल्यांच्या बुडाला काजळी धरते.

सफाईसाठी रेग्युलेटर बंद करा, नळीत उरलेला गॅस जाळून संपवा आणि शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. टोप्या उचलून गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाबरोबर अर्धा तास भिजवा. पितळी टोपी काळी पडली असेल तर पाण्यात लिंबू पिळा. कॉस्टिक सोडा वापरू नका; ॲल्युमिनियमची टोपी त्याने खाल्ली जाते. मग जुन्या टूथब्रशने घासून प्रत्येक भोक टाचणीने मोकळे करा. टाचणी सरळ आत-बाहेर करायची, फिरवायची नाही, नाहीतर भोक मोठे होते. टोपी उजेडासमोर धरली की कुठली भोके बंद राहिली ते लगेच कळते.

मिक्सिंग ट्यूब बाटली धुण्याच्या ब्रशने कोरडीच साफ करा आणि उलटी करून भुगा झटका.

जेटला मात्र सुई लावू नका. मिक्सिंग ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या या पितळी तुकड्याचे भोक केसागत बारीक असते आणि गॅस किती यायचा हे तेच ठरवते. सुईने ते जरा जरी रुंदावले तरी गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही आणि जाळ कायमचा पिवळा होतो. जेट चोंदला असेल तर मेकॅनिककडून बदलून घ्या. बेळगाव शहरात काही घरांत आता पाइपचा गॅस आला आहे. त्याचे जेट मोठ्या भोकाचे असतात. तेच जेट ठेवून शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडणे धोक्याचे आहे.

टोप्या पूर्ण वाळल्यावरच बसवा. भोकात पाणी राहिले तर जाळ फडफडतो. टोपी खाचेत सपाट बसली पाहिजे. वाकडी बसली किंवा तापून वाकली असेल तर कडेने जाळ निसटतो, कधी उलट मिक्सिंग ट्यूबमध्ये शिरून जेटपाशी फसफसत जळतो. असा आवाज आला की नॉब ताबडतोब बंद करा आणि ती ट्यूब थंड होईपर्यंत पुन्हा पेटवू नका. नॉब जड फिरत असेल तर त्यात खोबरेल तेल सोडू नका. आतल्या कॉकला, म्हणजे गॅस सोडबंद करणाऱ्या झडपेला, उष्णता सोसणारे खास ग्रीस लागते.

शेवटी रेग्युलेटर उघडून, नॉब बंद ठेवून, सिलिंडरकडून येणाऱ्या नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे आग ओढवून घेणे. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, विजेचे कुठलेही बटण दाबू नका, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करा.